रागाचं पाणी

इंग्रजीतला ‘अँग्री’ हा शब्द माझ्या तोंडून जितक्या वेळा गेला तितक्या वेळा तो माझा नव्हता. राग दुसऱ्याचा, तोंड माझं. टेबलाच्या या बाजूने तो उचलायचा, त्या बाजूला नेऊन ठेवायचा आणि वाटेत सांडू द्यायचा नाही, एवढंच माझं काम. पिंपरीच्या माळावर कारखाने उभे राहू लागले त्या पन्नासनंतरच्या वर्षांत मी अशाच एका कारखान्यात दुभाष्या होतो. कारखान्याचं नाव सांगत नाही. त्यातली बरीच माणसं आता नाहीत, आणि जी आहेत त्यांना माझ्याविषयी काही म्हणायचं असेल तर त्यांनी स्वतः दिवाळी अंकात लिहावं.

माझी नेमणूक खरी टायपिस्ट म्हणून झाली होती. मी खेडचा, म्हणजे आजच्या राजगुरुनगरचा. शिक्षण पुण्याला मामांकडे राहून झालं, तिथेच इंग्रजी बोलायची सवय लागली. कारखान्यात यंत्रं परदेशातून आली, यंत्रांबरोबर ती बसवणारे साहेब आले आणि ती ओढायला कुरुळी, चाकण, चिखलीकडची शेतकरी माणसं आली. साहेबांना मराठी येत नव्हतं, या माणसांना इंग्रजी. मग मधे जो सापडेल त्याला उभं करत. एके दिवशी मी सापडलो तो सापडलोच. माझ्या टाइपरायटरवर पुढे कुणीतरी चहाचे कप ठेवायला लागलं.

लोकांना वाटतं, दोन्हीकडचे शब्द माहीत असले की दुभाष्याचं काम झालं. शब्द काय, कोशातही असतात; पण कोशाला उन्हात उभं राहावं लागत नाही. या कामाचा पहिला नियम असा, की बोललं गेलं तेवढंच सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही. शिवाय आवाज चढवायचा नाही. साहेब ओरडला म्हणून आपणही ओरडलो तर समोरच्याला एकाच चुकीसाठी दोनदा बोलणी खावी लागतात. आणि साहेब ‘मी’ म्हणाला तर आपणही ‘मी’च म्हणायचं, असं मी एका पुस्तकात वाचलं होतं. पहिल्याच आठवड्यात एका साहेबाच्या वतीने मी अगदी गंभीरपणे म्हणालो, ‘मी रागावलो आहे.’ सगळी टोळी माझ्याकडे बघून हसायला लागली. त्यातला एकजण काळजीने म्हणाला, ‘‘काय झालं वो मास्तर? सकाळी तर बरं व्हता की.’’ त्या दिवसापासून मी ‘साहेब रागावलेत’ असं म्हणू लागलो. पुस्तक मामांना परत केलं.

रागाचं भाषांतर हा आमच्या धंद्यातला सगळ्यांत नाजूक माल. पगाराचं, सुट्टीचं, नटबोल्टचं बोलणं सरळ असतं. राग सरळ नसतो. आपल्याकडे माणूस चिडतो, कावतो, तणतणतो, फुगून बसतो, रुसतो, आणि या प्रत्येकाची समजूत काढायची रीत निराळी असते. रुसलेल्याला आर्जव चालतं, कावलेल्याला एकटं सोडावं लागतं. मला हे सगळं उचलून एका ‘अँग्री’त कोंबावं लागे, सगळ्या भाज्यांना एकच फोडणी दिल्यासारखं. इंग्रजीतही रागाच्या पायऱ्या आहेत, नाही असं नाही. पण आमचे साहेब त्या वापरायचे उलट्या. ज्याला खरोखर राग आला असेल तो ‘मला फारसा आनंद झालेला नाही’ असं म्हणायचा. हे मी जसंच्या तसं मराठीत सांगितलं तर माणसं म्हणायची, ‘‘नसंल झाला. आमाला तरी कुटं झालाय?’’

आणखी एक गोष्ट मला तेव्हा हळूहळू कळली. इंग्रज माणूस ‘अँग्री’ असतो, म्हणजे तो सगळाच्या सगळा तसा असतो. आपल्याला मात्र राग येतो. कुठून तरी येतो, ओसरीवर बसतो, त्याचं काय ते बघावं लागतं आणि मग तो जातो. म्हणून साहेबाला कुणी रागीट म्हटलेलं चालत नसे. चारचौघांत ‘अँग्री’ ठरणं म्हणजे त्याला कपड्यांविना सापडल्यासारखं वाटे. आमच्या माणसांना राग आल्याची लाज नव्हती. आलेला राग लपवण्याची होती.

कारखान्याच्या दवाखान्यात तर हा शब्द मला जखमेसाठीही वापरावा लागला. डॉक्टर दक्षिणेकडचे होते. एका माणसाच्या नडगीला पत्रा लागून जखम लाल होऊन सुजली होती. डॉक्टर ती बघून म्हणाले, जखम अँग्री दिसते आहे. डॉक्टरी इंग्रजीत चिघळायला लागलेल्या जखमेला असं म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं. मी नियमाला धरून सांगितलं, ‘‘डॉक्टर म्हणतात, जखमेला राग आलाय.’’ मला वाटलं हा हसेल. त्याने मान डोलावली. म्हणाला, ‘‘येनारच की. आठ दिस झालं, तिच्याकडं कुनी बघितलंच न्हाई.’’ डॉक्टरांना हे सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि पट्टी बांधायला घेतली. त्या माणसाने पुढे रोज येऊन पट्टी बदलून घेतली, एरवी दोन दिवसांनंतर तो फिरकला नसता.

असे किस्से सांगत बसलो तर अंक भरेल. मला सांगायचं आहे ते कोंडिबाचं.

कोंडिबा कुरुळीचा. जड यंत्रं हलवणाऱ्या टोळीचा मुकादम. त्या वेळी आमच्याकडे क्रेन नावालाच होती, ती बहुतेक वेळ दुरुस्तीत असायची. मोठाल्या टाक्या लाकडी ओंडक्यांवर चढवायच्या, पुढून दोर, मागून पहारी, आणि मागचा मोकळा झालेला ओंडका उचलून पळत पुढे आणून घालायचा. यात मुकादमाच्या तोंडाकडे सगळ्यांचं लक्ष असतं. कोंडिबा फार आरडाओरडा करणारा नव्हता. तो नुसती मान हलवायचा आणि वीस माणसं श्वास धरायची. वय चाळिशीच्या पुढे, मिशा पिकायला लागलेल्या, डोक्याला पटका. नोकरी कायम झाल्यावर त्याने वाट्याची जमीन धाकट्या भावाच्या हवाली केली होती. ‘‘मला कारखाना हाय, तुला ऱ्हाऊ दे,’’ असं पंचांदेखत म्हणाला होता. हे मला ठाऊक होतं, कारण गावाकडच्या अशा गोष्टी तो जेवताना सांगे आणि मी खेडचा म्हणून त्याच्या शेजारी जाऊन बसे.

त्याच्या कामावर देखरेख मॉर्टनसाहेबांची. मॉर्टन उंच, सडसडीत, उन्हाने कायम सोललेल्या नाकाचे. माणूस सरळ. टोळीतल्या कुणाचं बोट चेमटलं तर स्वतः गाडीत घालून दवाखान्यात नेत. त्यांच्या तोंडून ‘अँग्री’ हा शब्द मी त्यांच्या पहिल्या दोन वर्षांत ऐकला नव्हता.

एका सकाळी मोठी टाकी बॉयलरच्या रस्त्यावरून आडवी न्यायची होती. अर्ध्या वाटेत ओंडक्याच्या तोंडाशी एक फडकं पडलेलं दिसलं. टोळीतला एकजण ते उचलायला वाकला. टाकी हलत होती, हात सापडला असता. मॉर्टन पुढे धावले आणि त्यांनी ते फडकं बुटाच्या टोकाने उडवलं. माणूस वाचला. पण फडक्यात कोंडिबाची भाकरी होती, त्याच्या कमरेची सुटून पडलेली. भाकरी, कांदा, चटणी सगळं मातीत गेलं.

साहेबांनी ओरडून काही सांगितलं. मी सांगणार होतो की बाबा, हात वाचवायला केलं. तोवर कोंडिबाने टाकी थांबवली. घाईने नव्हे, आधी दोन्ही बाजूंनी ओंडक्यांना दगडांची नीट उटी लावून घेतली, टाकी हलत नाही याची खात्री केली, पहार आडवी ठेवली आणि रस्त्याच्या कडेला जाऊन बसला. टोळीही बसली. त्याने मातीतल्या भाकरीचे तुकडे गोळा करून पुन्हा फडक्यात बांधले. मी जवळ जाऊन साहेबांची बाजू सांगितली. ‘‘कळलं मला,’’ तो म्हणाला. ‘‘हातानं बी बाजूला सारता आलं असतं. अन्नाला पाय लावला त्यांनी.’’ बस्स. दिवसभर टाकी रस्त्यात आडवी राहिली, बॉयलरकडचे ट्रक पलीकडे अडकून पडले, आणि संध्याकाळी मुंबईच्या हेड ऑफिसातून फोन आला.

मग आरोपपत्र निघालं: रागाच्या भरात काम बंद पाडलं. नियमात हे बसलं तर नोकरी जात होती. चौकशीला कारखान्याचे मजूर अधिकारी करंदीकर बसणार होते. सुटकेची वाट मात्र होती, आणि ती सगळ्यांना दिसत होती. त्यातल्या एका ओंडक्याला खरोखरच चीर पडलेली होती. मुकादमाने धोका बघून काम थांबवलं, असं म्हटलं की आरोप उडाला. मॉर्टननी स्वतः मला हळूच विचारलं होतं, ‘‘त्या ओंडक्याची चीर त्याने पाहिलीच असेल, नाही का?’’ साहेबलोक इतकं सांगतात तेव्हा त्यांना बरंच काही म्हणायचं असतं.

युनियनचा सावंत कोकणातला. त्याने आदल्या संध्याकाळी कोंडिबाला पत्र्याच्या शेडमागे गाठलं. मीही होतो.

‘‘कोंडिबा, माझा ऐक,’’ सावंत म्हणाला. ‘‘ओंडक्याला चीर होती, म्हणून थांबवला. एवढाच सांग. राग नव्हता म्हण.’’

‘‘चीर जुनी हाय,’’ कोंडिबा म्हणाला. ‘‘आठवड्याभर त्येच्यावर काम केलंय.’’

‘‘अरे, ते कोणाला माहीत आहे?’’

‘‘मला हाय की.’’

‘‘नोकरी जाईल बाबा!’’

कोंडिबा माझ्याकडे वळला. ‘‘मास्तर, उद्या मानसं बसनार ना? साहेब येनार? त्यांच्याम्होरं मला विचारनार, राग आला व्हता का. मंग न्हाई कसं म्हनू? न्हाई म्हनलं तर तो राग घरला घिऊन जावा लागंल.’’

सावंतने कपाळावर हात मारला. मला मात्र तेव्हा लख्ख दिसलं, की हा उद्या कशासाठी येतो आहे. ते वाचकांना सांगायला हवं. आमच्या खेड-चाकणच्या बाजूला काही गावांत एक रीत होती. भाऊबंदात किंवा शेजारपाजाऱ्यांत वाकडं आलं की चार माणसं पारावर बसवायची. ज्याला राग आला असेल त्याने उभं राहून तो सांगायचा. कमी करून नाही, गोड करून नाही, जेवढा आहे तेवढा. मधे पाण्याचा तांब्या ठेवलेला असे. सांगून झालं की ज्याचा राग आला तो उठायचा आणि आपल्या हाताने पाणी पुढे करायचा. प्यायलं की मिटलं. पुन्हा तो विषय कुणी काढायचा नाही, काढला तर काढणारा खोटा. माझ्या लहानपणी मी दोघा चुलत्यांना असं पाणी पिताना पाहिलं आहे. रागाचं पाणी म्हणत त्याला.

मी कोंडिबाला म्हणालो, ‘‘हे तसं नाही. हा पार नव्हे. इथं तुम्ही राग आला म्हणालात की ते लिहून घेतील आणि तुम्हाला काढतील.’’

‘‘मानसं बसनार, जाजम अंथरनार, साहेब सोता येनार,’’ तो म्हणाला. ‘‘मंग तसं न्हाई तर कसं हाय?’’

मी त्याला फक्त उद्याची वेळ सांगितली.

दुसऱ्या दिवशी चौकशी कॅन्टीनच्या खोलीत झाली. आणि दुर्दैव असं, की लांब टेबलावर खरोखरच हिरवं कापड अंथरलेलं होतं आणि मधोमध काचेचा पाण्याचा जग होता. कोंडिबाने आत आल्या आल्या जगाकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा मोकळा झाला. त्याने पायताण दाराबाहेर काढून ठेवलं होतं.

करंदीकर वाईट नव्हते. त्यांनी सुरुवातीलाच ओंडक्याचा विषय काढला. मॉर्टननी चीर असल्याचं सांगितलं, मी ते मराठीत केलं. करंदीकरांना मराठी येत होतंच, पण साहेबांसाठी आणि कागदासाठी सगळं इंग्रजीतून जायला हवं होतं, म्हणून मी. मग त्यांनी विचारलं, काम थांबवलं ते या चिरेमुळे का? मी विचारलं. सावंत पाठीमागून खोकला.

कोंडिबा उभा राहिला. पटका नीट केला.

‘‘चिरेमुळं न्हाई,’’ तो म्हणाला. ‘‘मला राग आलता. लई आलता. माझ्या बायकूनं पहाटं उठून थापलेली भाकरी साहेबानं पायानं उडवली. मानसाचा हात वाचवला, ते बरं क्येलं. पर पाय लावला. त्येचा राग. तो अजून हाय.’’

सावंतने खोकणं थांबवलं. मी भाषांतर केलं. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. ‘अजून आहे’ हेही सांगितलं. हे सांगताना मला जिवावर आलं होतं. लोक विचारतात, तुम्ही तिथे थोडं फिरवून का नाही सांगितलं? करंदीकरांना मराठी येत होतं, हे एक. आणि दुसरं असं, की एखादा माणूस आपला राग इतका नीट घडी करून पुढे ठेवतो, तो विस्कटण्याचा मला अधिकार नव्हता. आजही मला तसंच वाटतं.

मॉर्टनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. करंदीकर लिहीत होते. कोंडिबा उभाच. तो जगाकडे पाहत होता, मग मॉर्टनकडे, पुन्हा जगाकडे. बोलणं संपलं होतं, पण त्याचं काम संपलं नव्हतं. मला ते कळत होतं आणि खोलीत दुसऱ्या कुणालाही कळत नव्हतं. गप्प उभं राहण्याचं भाषांतर करायचं असतं का, हे त्या पुस्तकात नव्हतं.

मी इंग्रजीत म्हणालो, ‘‘सर, आमच्या गावांकडे पाण्याची एक रीत...’’

‘‘दुभाष्याने जे बोललं गेलं तेवढंच सांगावं,’’ करंदीकर वर न बघता म्हणाले. नियम माझाच होता, मला काय बोलता येणार होतं?

पण ‘पाणी’ हा शब्द मॉर्टनपर्यंत पोचला होता. त्यांना वाटलं, माणसाला तहान लागली आहे. ते उठले, जगातून ग्लास भरला आणि टेबलाला वळसा घालून स्वतःच्या हाताने कोंडिबाला नेऊन दिला. त्या काळी कुरुळीचा माणूस वाटेल त्याच्या हातचं पाणी पीत नसे, गोऱ्या साहेबाचं तर नाहीच. कोंडिबाने ग्लास दोन्ही हातांनी घेतला आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. मिशा पुसल्या. साहेबांना हात जोडले, करंदीकरांना जोडले, आणि दाराबाहेर जाऊन पायताण घातलं.

‘‘हा कुठे निघाला?’’ करंदीकर म्हणाले. ‘‘अजून संपलं नाही.’’

‘‘त्याच्या दृष्टीने संपलं, सर,’’ मी म्हणालो.

त्यांनी मराठीत, अगदी हलक्या आवाजात मला म्हटलं, ‘‘अहो, त्यानेच कबूल केलं हो. मी आता काय करू?’’ आणि आरोप मान्य असं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळी सुरू होताना मला गेटवर बोलावणं आलं. कोंडिबा टोळीबरोबर आत यायला निघाला होता आणि पहारेकऱ्याने त्याला अडवलं होतं. हुकूम इंग्रजीत होता. मी तो मराठीत वाचून दाखवला. त्याने पूर्ण ऐकून घेतला.

‘‘मास्तर, कायतरी चुकतंय,’’ तो म्हणाला. ‘‘पानी झालं की. साहेबानं सोता दिलं. चार मानसांनी बघितलं.’’

‘‘झालं,’’ मी म्हणालो. ‘‘पण त्यांना ते माहीत नाही.’’

‘‘मंग दिलं कशाला?’’

तेवढ्यात मॉर्टनची गाडी आली. त्यांनी कोंडिबाला बाहेर उभं पाहिलं आणि खाली उतरले. मला म्हणाले, ‘‘त्याला विचारा, तो माझ्यावर अँग्री आहे का?’’ दोन वर्षांत त्यांच्या तोंडून पहिल्यांदा. मी विचारलं.

‘‘न्हाई,’’ कोंडिबा म्हणाला. ‘‘त्यांच्या हातचं पानी प्यालोय.’’

मी दोन्ही वाक्यं सांगितली. गेटवर करंदीकर नव्हते, म्हणून पुढचंही सांगितलं: पार, तांब्या, चुलते, सगळं. मॉर्टन ऐकत राहिले. मग ऑफिसकडे चालत गेले, गाडी तशीच गेटात सोडून. ते बराच वेळ आत होते. बाहेर आले तेव्हा मला फक्त एवढं म्हणाले, की कागद मुंबईला गेला आहे आणि ज्याने स्वतः कबूल केलं त्याच्यासाठी कुणी काही करू शकत नाही. दारापाशी बसणारा शिपाई मला नंतर म्हणाला, साहेब आत जोरजोरात बोलत होते. मी ऐकायला हवं होतं असं मला फार वाटलं.

कोंडिबाने भावाकडे जमीन परत मागितली नाही. मला ते ठाऊकच होतं. पंचांदेखत दिली होती. तो चाकणच्या बाजारात कांद्याच्या पोत्यांची हमाली करू लागला. टाकी ज्या माणसाच्या मान हलवण्यावर चालायची तो माणूस आता दुसऱ्याच्या हाकेवर पाठ वाकवत होता. बाजाराच्या दिवशी मी दोनदा त्याला लांबून पाहिलं.

मॉर्टन मायदेशी परत निघाले त्याच्या आधी त्यांनी मला विचारलं, कुरुळी किती लांब आहे. आम्ही जीपने गेलो. रस्ता म्हणजे बैलगाडीची चाकोरी. कोंडिबा घरीच होता. त्याने अंगणात घोंगडी अंथरली. साहेबांना मांडी घालता येईना, ते गुडघे वर करून बसले. कोंडिबाने बायकोला पाण्यासाठी आत हाक दिली.

मग मॉर्टन उभे राहिले. टोपी काढली. मला म्हणाले, ‘‘त्याला सांगा, मी अँग्री आहे.’’

मी सांगितलं, ‘‘साहेबांना राग आलाय.’’

कोंडिबा सावरून बसला. त्याला त्यात काहीच विचित्र वाटलं नाही. ‘‘कुनाचा?’’ त्याने विचारलं.

मी साहेबांना विचारलं. त्यांनी थोडा विचार केला. ‘‘स्वतःचा,’’ ते म्हणाले.

हे ऐकून मात्र कोंडिबा अडला. त्याने मिशीवरून हात फिरवला, कुडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्याला मनापासून मदत करायची होती हे दिसत होतं.

‘‘सोताचा राग?’’ तो म्हणाला. ‘‘त्येला आमच्यात पानी न्हाई, मास्तर. देनार कोन?’’

मी हे जसंच्या तसं सांगितलं. मॉर्टननी मान हलवली, आधीच कळलेलं असावं तशी. तेवढ्यात कोंडिबाची बायको आतून तांब्या आणि गूळ घेऊन आली. कोंडिबाने तांब्या तिच्या हातून घेतला आणि साहेबांपुढे धरला. ‘‘ह्ये पावन्याचं पानी हाय, रागाचं न्हवं. सांगा त्यास्नी,’’ तो म्हणाला. तांब्या धरलेल्या हाताच्या वर, सदऱ्याच्या फाटक्या खांद्यातून, पोत्यांनी सोललेली कातडी दिसत होती. ती लाल होती, सुजलेली. डॉक्टरांनी तिला काय म्हटलं असतं ते मला माहीत होतं.

मला राग आला. कुणाचा, ते आजही नीट सांगता येत नाही. करंदीकरांचा नव्हता, मॉर्टनचा तर नव्हताच. पण आला, आणि तो माझा होता.

साहेबांना तांब्याने पिता येईना, पाणी सदऱ्यावर सांडलं. तरी ते सगळं प्यायले. तांब्या परत देऊन त्यांनी कोंडिबाकडे पाहत विचारलं, ‘‘मग आता संपलं का?’’

प्रश्न कोंडिबाला होता. मी तो त्याला विचारला नाही. मी साहेबांना म्हणालो, ‘‘नो, सर.’’

कोंडिबाने माझ्या तोंडाकडे पाहिलं. ‘‘काय म्हंत्यात साहेब?’’

‘‘काही नाही,’’ मी म्हणालो. ‘‘निघायला हवं म्हणतात.’’